सहकाराची दोन चित्रे : 'सामना' आणि 'मंथन' यांचा मार्क्सवादी दृष्टीने एक अभ्यास

चित्रपटाचा मार्क्सवादी दृष्टीने अभ्यास करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, याविषयी आपल्याकडे एक सोयीस्कर समजूत रूढ आहे. चित्रपटात कोणत्या वर्गाचे जीवन आले आहे, लेखक-दिग्दर्शकांची सहानुभूती कोणाच्या बाजूस झुकते आणि अखेरीस विजय कोणाचा होतो, एवढे पाहिले की हा अभ्यास पुरा झाला असे मानले जाते. या समजुतीचे मूळ वाङ्मयसमीक्षेत आहे. लालजी पेंडसे यांनी १९३५ साली 'साहित्य आणि समाजजीवन' लिहून मराठीत या विचारपद्धतीचा पाया घातला. पुढे गं. बा. सरदार यांनी 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' या ग्रंथात सामाजिक इतिहासाच्या अंगाने संतसाहित्याकडे पाहिले. या परंपरेचे ऋण मोठे आहे. परंतु कादंबरी वाचण्यासाठी घडविलेली हत्यारे चित्रपटापुढे जशीच्या तशी चालविली की काही महत्त्वाच्या गोष्टी हातातून निसटतात. कादंबरीकाराला कागद आणि शाई पुरते. चित्रपटाला भांडवल लागते, यंत्रे लागतात, अनेकांचे मोलाचे श्रम लागतात, आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक लागतो. तो कलाकृती असतो आणि त्याच वेळी क्रयवस्तूही असतो. हे दुसरे अंग बाजूला ठेवून पहिल्याविषयी बोलणे मार्क्सवादी म्हणविणाऱ्याला तरी शोभत नाही.

प्रस्तुत लेखात दोन चित्रपटांचा विचार करावयाचा आहे : डॉ. जब्बार पटेल यांचा 'सामना' आणि श्याम बेनेगल यांचा 'मंथन'. पहिला मराठी, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी निवडलेला. दुसरा हिंदी, १९७६ चा. दोन्हींचा विषय सहकारी संस्था आणि गावातील सत्ता हा आहे, आणि दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. एकाच लेखकाने लागोपाठच्या काळात एकाच संस्थेविषयी दोन चित्रपट लिहावेत आणि त्यांतून इतकी वेगळी दोन चित्रे उभी राहावीत, ही गोष्ट भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने तरी सहज सोडून देण्याजोगी नाही. 'लेखकाची जीवनदृष्टी' हे आपले आवडते उत्तर येथे पुरे पडत नाही.

या विषयाकडे मी पुन्हा वळलो त्याला एक निमित्त घडले, ते सांगणे अवश्य आहे. कारण त्यामुळे माझे एक जुने मत मला सोडावे लागले. अभ्यागत प्राध्यापक म्हणून जबलपूरला असताना एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी शहपुऱ्याला काही दिवस राहिलो. जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भिटोनी स्थानकाला लागून हे गाव आहे. १७८१ पासून १८१७ पर्यंत हा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली होता आणि जबलपूर भागात मराठी घरे आजही आहेत. त्यांची मराठी आता घरापुरती उरली आहे. हिवाळ्याचे दिवस होते. या भागात हिरव्या वाटाण्याचे पीक मोठे. शेताशेतांतून शेंगांची तोडणी चालू होती आणि तोडणाऱ्या बायकांची मजुरी तोडलेल्या मालाच्या वजनावर ठरत होती. विद्यार्थ्याच्या घराच्या अंगणात आम्ही दोन रात्री पडदा लावून हे दोन चित्रपट दाखविले. 'सामना' समजावा म्हणून मी मधूनमधून हिंदीत सांगत होतो. बागायतदार होते, दोन-तीन मराठी कुटुंबे होती, आणि कडेला, दिवसाचे काम संपवून आलेल्या तोडणीच्या बायकाही बसल्या होत्या.

'सामना' संपल्यावर बागायतदारांना हिंदुराव धोंडे पाटील फार ओळखीचा वाटला. नावे घेऊ नयेत म्हणून ते हसत राहिले. तेवढ्यात कडेच्या बायकांपैकी एका वयस्क बाईने विचारले की, हा कारखाना उसाचा, तर ऊस तोडणारी माणसे कुठली, आणि तीही त्या संस्थेत आहेत काय? मी 'नाही' म्हणालो. ती म्हणाली, मग तुमच्या त्या मास्तरने त्यांच्याविषयी काही विचारले नाही. मजजवळ उत्तर नव्हते. गेली कित्येक वर्षे मी वर्गात 'सामना' हा मराठीतील सर्वांत प्रखर राजकीय चित्रपट आणि 'मंथन' हा एका यशस्वी संस्थेचा सुबक प्रचारपट असे शिकवीत आलो होतो. माझ्या प्रबंधाच्या एका तळटीपेतही हाच निवाडा आहे.

आता 'सामना'कडे नीट पाहू. एक व्यसनाधीन, वृद्ध, एकेकाळचा गांधीवादी मास्तर भटकत एका गावात येतो. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव त्याला आश्रय देतो, दारूही पुरवितो, आपले साम्राज्य दाखवितो. मास्तराच्या कानी मारुती कांबळे हे नाव पडते. लष्करातून परतलेल्या या माणसाचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न तो विचारीत राहतो. प्रश्न गावात पसरतो, वरच्या राजकारणापर्यंत पोचतो आणि हिंदुरावाचे आसन ढळते. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले या दोन समर्थ नटांनी हा चित्रपट अक्षरशः खांद्यावर घेतला आहे. शीर्षकच सांगते की हा सामना आहे, म्हणजे दोन व्यक्तींतील झुंज. कॅमेरा चेहऱ्यांपाशी थांबतो. संघर्ष बैठकीत, बोलण्यात, नजरेत घडतो. रंगभूमीचे संस्कार लपत नाहीत, आणि ते लपावेत असेही मला वाटत नाही. पण त्याचा परिणाम असा की मालकीचा संबंध संवादाचा विषय होतो आणि श्रमाचा संबंध कथेबाहेर राहतो.

प्रेक्षकानेही हे दोन चेहरे आधीच ओळखीचे म्हणून स्वीकारले होते. 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) पासून निळू फुले यांनी गावातील बेरकी माणसाची एक प्रतिमा घडवीत आणली होती, आणि 'पिंजरा'त (१९७२) डॉ. लागूंनी मास्तरच रंगविला होता. या परंपरेचा आरंभ आणखी मागे आहे. बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. मूकपटाच्या काळात इतके धीट पाऊल पडले ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु येथेही शोषण म्हणजे शोषक माणूस. सावकार, मग पाटील, मग चेअरमन : मराठी चित्रपटाने गावातील सत्तेला सतत एक चेहरा दिला. १८७५ साली सुपे येथून जे दख्खनचे दंगे पसरले त्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हुडकून जाळले. माणसांवरील हल्ले त्या मानाने थोडेच झाले. आपल्याला कागद बांधतो, हे त्या निरक्षर कुणब्यांना कळले होते. पन्नास वर्षांनी आलेल्या चित्रपटाला मात्र मिशीवर ताव मारणारा सावकार लागला. पडद्याला चेहरा दिसतो, रोखा दिसत नाही, असे कोणी म्हणेल. ब्रेख्तने १९३१ साली नेमका हाच मुद्दा मांडला होता : कारखान्याच्या नुसत्या छायाचित्रातून त्या कारखान्यातील मानवी संबंधांविषयी फारसे काही कळत नाही, त्यासाठी काही रचावे लागते. म्हणून प्रश्न रचनेचा आहे.

'सामना'तील कारखाना कसा चालतो? महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा प्रारंभ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेच्या काठी झाला. १९५०-५१ हा त्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम. येथे सभासद कोण, तर ऊस पिकविणारा, म्हणजे ज्याच्याकडे जमीन आणि पाणी आहे तो. मार्क्सने 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात सहकारी कारखान्यांना जुन्या व्यवस्थेच्या पोटातच फुटलेले नव्याचे कोंब मानले, हे आपल्याकडे सहकाराच्या समर्थनार्थ वारंवार सांगितले जाते. परंतु तेथे मार्क्स कामगारांनी स्वतः चालविलेल्या कारखान्यांविषयी बोलत आहे. मालकांनी एकत्र येऊन काढलेली संस्था आणि श्रमिकांनी एकत्र येऊन काढलेली संस्था यांना मराठीत एकच शब्द असल्याने फार घोटाळा झाला आहे. उसाचा तोडणीकामगार बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून येतो. मुकादमाकडून उचल घेतो. नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता' होतात. मुकादम मध्ये असल्यामुळे कारखाना कागदोपत्री त्यांचा मालकही नसतो. वरकड मूल्य जेथे निर्माण होते ती जागा अशा रीतीने संस्थेच्या दप्तराबाहेर जाते.

'सामना'त ही जागा कथेचा विषय होत नाही. मास्तराचा प्रश्न एका खुनाचा आहे आणि तो नैतिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले, हिंदुराव गेला, तरी दुसऱ्या दिवशी मोळ्या तशाच गाडीवर चढणार. 'कायिए द्यु सिनेमा'च्या कोमोली आणि नार्बोनी यांनी १९६९ मध्ये चित्रपटांची जी वर्गवारी केली, तीत विषयाने राजकीय पण मांडणीने प्रस्थापितच असा एक वर्ग आहे. 'सामना' त्या वर्गात टाकावा असा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. कारण मारुती कांबळे हे नाव. आडनावातून मराठी प्रेक्षकाला जात कळते, चित्रपटाला ती उच्चारावी लागत नाही. गावाने ज्याचा विसर पाडून घेतला आहे तो माणूस नेमका कोणत्या थरातला आहे, हे त्या प्रत्येक पुनरुच्चाराबरोबर ऐकू येते. नैतिक प्रश्नाच्या आवरणाखाली सामाजिक प्रश्न ठोठावत राहतो. मास्तराला त्याचा अर्थ पुरता कळलेला नाही. चित्रपटाला मास्तरापेक्षा अधिक कळते.

'मंथन'चे वेगळेपण आधी त्याच्या भांडवलात आहे. गुजरातमधील दूध उत्पादक सहकारी संस्थांच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत चित्रपट उभा राहिला. कथा बेनेगल यांच्यासह वर्गीस कुरियन यांची. म्हणजे ज्या चळवळीचे चित्र काढावयाचे तिचाच नेता कथाकार. ज्याचा पैसा त्याचा विचार, या ढोबळ सूत्राने पाहिले तर निकाल चित्रपट पाहण्याआधीच लागतो. मीही तो तसाच लावला होता. परंतु चित्रपट काय करतो? पशुवैद्य डॉ. राव खेडा जिल्ह्यातील गावात येतो, खाजगी डेअरीचा मालक मिश्रा कसा कमी भाव देतो ते दुधाचे नमुने तपासून दाखवितो, आणि संस्था काढतो. संस्था निघाल्याबरोबर ती सरपंचाच्या हाती जाऊ पाहते. निवडणुकीत हरिजनांचा उमेदवार निवडून येतो, तेव्हा सरपंच मिश्राला जाऊन मिळतो. हरिजनांची घरे जळतात आणि मिश्राच त्यांना कर्ज देण्यास पुढे होतो. बिंदूचा अंगठा एका कागदावर घेतला जातो आणि तो कागद डॉ. रावविरुद्ध वापरला जातो. 'सावकारी पाश'नंतर अर्ध्या शतकाने रोखा पुन्हा पडद्यावर आला तो येथे, आणि या वेळी त्याचे काम स्पष्ट दिसते : जो वाचू शकत नाही त्याचे शरीरच त्याच्याविरुद्ध पुरावा होते. डॉ. रावची बदली होते, तो गाडीत बसून निघून जातो. भोला मागे राहतो आणि संस्था पुन्हा चालू करतो.

प्रचारपटाने नायकाला असा अर्ध्यावर परत पाठविला नसता. एवढेच नव्हे, सहकार म्हणजे जातिभेदाचा शेवट ही संस्थेची आवडती कथा हा चित्रपट सांगतो आणि त्याच श्वासात ती किती महाग पडते हेही सांगतो. पैसा पुरविणारा आणि पैशाने घडलेली कृती यांच्यामध्ये अनेक मध्यस्थ आहेत : पटकथाकार, गोविंद निहलानी यांचा कॅमेरा, नट, जागा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या वस्तूविषयी चित्रपट आहे ती वस्तू. एंगेल्सने आपल्या अखेरच्या वर्षांतील पत्रांत पाया आणि इमला यांतील संबंध यांत्रिक समजणाऱ्यांना बजावले होते. ते बजावणे आपण उद्धृत फार करतो, वापरीत नाही.

वस्तूविषयी थोडे अधिक बोलावयास हवे, कारण माझ्या मते या दोन चित्रपटांतील अंतराचे मुख्य कारण तेथे आहे. ऊस आणि दूध ही दोन वेगळ्या प्रकारची उत्पादने आहेत. उसाला जमीन लागते, पाणी लागते, वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी लागते, आणि तोडला की तो तातडीने गाळावा लागतो. म्हणून कारखान्याभोवती मोठी सत्ता एकवटते. म्हैस मात्र भूमिहीनाच्या दारातही असू शकते. दूध रोज दोनदा निघते, रोज मोजले जाते, त्याच्या स्निग्धांशावर भाव ठरतो. १९४६ पासून खेडा जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या संघटनेत हरिजनाला सभासद होता आले ते प्रथम यामुळे; कायदा आणि सद्भाव नंतर आले. म्हणून 'मंथन'ला श्रम दाखविता आले : धार काढणे, भांडी वाहणे, नमुना घेणे, रांगेत उभे राहणे. कथा पुढे सरकते ती या कृतींतून. तेंडुलकरांच्या लेखणीला 'सामना'त बैठक मिळाली आणि 'मंथन'मध्ये संकलन केंद्र मिळाले. लेखक तोच, पण उत्पादनाची रीत बदलताच दृश्याची रीत बदलली. अर्थात दोन दिग्दर्शकांच्या प्रकृतीतला फरकही येथे आहे, हे मी नाकारीत नाही. डॉ. पटेल यांनी पुढे अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर 'सिंहासन' (१९७९) केला तेव्हाही सत्तेचे नाटक बैठकीतच रंगले, मात्र तेथे कामगार पुढारी डिकास्टाच्या रूपाने संघटित श्रम निदान त्या बैठकीत शिरले.

'मंथन' पाहून झाल्यावर शहपुऱ्याच्या अंगणात त्याच बाईने पुन्हा प्रश्न केला. ज्याची म्हैस त्याचे नाव वहीत, हे ठीक. पण म्हशीचे शेण काढणारी, चारा आणणारी, धार काढणारी तर घरची बाई. वहीत नाव कोणाचे? बागायतदारांपैकी एकजण म्हणाला, घरातल्या कर्त्याचे, आणखी कोणाचे असणार? बाई काही बोलली नाही. मला स्मिता पाटीलची बिंदू आठवत राहिली. बिंदू चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे, तिचे काम आपण पाहतो, तिचा संताप पाहतो. पण संस्थेच्या कारभारात तिला जागा नाही, आणि तिचा अंगठा दुसऱ्याच्या कामी येतो. दूध सहकारी संस्थांत गुरांचे बहुतेक काम बायकांचे आणि सभासदत्व बव्हंशी पुरुषांचे, ही वस्तुस्थिती नंतरच्या अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिली. चित्रपटाला ती दिसली होती, तिचे नाव त्याने घेतले नाही.

येथे दामोदर धर्मानंद कोसंबी यांची आठवण होते. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात स्थायिक झालेल्या या गणितज्ञाने पुराणकथेच्या तळाशी उत्पादनपद्धतीतील स्थित्यंतर कसे शोधावे ते दाखविले. उर्वशी-पुरूरव्याच्या कथेचे त्याने केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. कुमार शहानी यांनी 'तरंग'मध्ये (१९८४) त्याच विवेचनाचा आधार घेतला आणि कामगाराच्या विधवेला, म्हणजे पुन्हा स्मिता पाटीललाच, अखेरीस उर्वशीची भाषा दिली. मार्क्सवादी विचार येथे चित्रपटाचा आशय न राहता त्याची रचना झाला आहे. 'तरंग'ला प्रेक्षक थोडे लाभले, हे खरे. पण शहपुऱ्याच्या बाईच्या प्रश्नाला मराठी-हिंदी चित्रपटांतून कोठे उत्तर शोधावयाचे तर मी आज तेथून सुरुवात करीन, आणि मग मागे वळून 'मंथन'कडे येईन.

'मंथन'चे पुनरुज्जीवन होऊन तो २०२४ साली कान येथे दाखविला गेला, तेव्हा पाच लाख शेतकऱ्यांच्या दोन दोन रुपयांची कथा पुन्हा सर्वत्र छापून आली. ती कथा कौतुकाने सांगितली जाते, आणि तिच्यात कौतुक करण्यासारखे पुष्कळ आहे. पण ते दोन रुपये दुधाच्या मोबदल्यातून आलेले होते, म्हणजे ज्या श्रमातून दूध निघाले त्या श्रमातून. आणि तो श्रम बहुतांशी ज्यांचा, त्यांची नावे वहीत नव्हती. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा गावोगावचे शेतकरी गाड्या भरभरून तो पाहावयास आले. निर्माते तेच होते, आणि तिकीटही त्यांनीच काढले. त्या गाड्यांमधून किती बायका आल्या होत्या, हे विचारावेसे मला शहपुऱ्याहून परतल्यावरच सुचले.